पिस्तूल ऑनलाइन, डिलिव्हरी दुकानात

अमेरिकेत बंदूक ऑनलाइन मिळते असं सांगितलं की भारतातल्या माणसाला वाटतं, मिक्सर मागवावा तसं पिस्तूल मागवायचं आणि दुपारी वॉचमनकडून खोकं घ्यायचं. माझ्या मेव्हण्याने सांगलीहून फोनवर पहिला प्रश्न हाच केला, "काय दाजी, ॲमेझॉनवरनं का?" ॲमेझॉन बंदुका विकत नाही. विकणाऱ्या दुसऱ्या वेबसाइट पुष्कळ आहेत आणि तिथे कार्डावर पैसे भरता येतात हे खरं. पण ऑनलाइन होतं ते तेवढंच. पिस्तूल एका परवानाधारक दुकानातून निघतं आणि तुमच्या राज्यातल्या दुसऱ्या परवानाधारक दुकानात पोचतं. तिथे तुम्ही जातीने जायचं, ओळखपत्र दाखवायचं, फॉर्म भरायचा, सरकारी तपासणी पार पडली की मग ते हातात घ्यायचं. अशा दुकानाला इथे सगळे 'एफएफएल' म्हणतात, म्हणजे केंद्र सरकारचा शस्त्रविक्रीचा परवाना असलेला दुकानदार.

मी टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो. पिस्तूल घ्यायचं कारण संरक्षण वगैरे काही नव्हतं. कोल्हापुरात कॉलेजला असताना एअर पिस्तूलचा नाद लागला होता. दुधाळीच्या नेमबाजीच्या रेंजमुळे आमच्या गावात हा नाद लागलेली पोरं बरीच. नेमबाज राही सरनोबत तिथलीच, आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसळेही आमच्याच जिल्ह्यातला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. नोकरीच्या नादात माझं ते सगळं सुटलं. इथे एका क्लबात बुल्सआय नावाचा नेमबाजीचा प्रकार पाहिला: २५ आणि ५० यार्डांवरून, उभ्याने, एका हाताने. एका हाताने म्हटल्यावर माझा जुना हात खाजवायला लागला.

तरी बरीच वर्षं मी फक्त बघत उभा राहायचो. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकन कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणं हा त्यातला मुख्य अपवाद. 'जवळ बाळगणं' या शब्दांत रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूलही येतं. आपली कितीतरी मुलं वीकेंडला रेंजवर जाऊन ऐटीत फोटो काढतात, ते फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकतात, आणि आपण स्वतःच्या गुन्ह्याचा पुरावा टाकतोय हे त्यांच्या गावीही नसतं. ग्रीन कार्ड झाल्यावर मात्र ही अडचण राहत नाही, नागरिकत्व असायलाच हवं असं नाही. माझं कार्ड आलं आणि त्याच आठवड्यात मी किमती बघायला बसलो.

हवं होतं ते ठरलेलं होतं: रुगर मार्क फोर टार्गेट, पॉइंट टू-टूचं, म्हणजे ०.२२ इंची बारीक गोळीचं. याचं घराणं जुनं, १९४९ साली रुगर कंपनीने बाजारात आणलेलं पहिलंच पिस्तूल याचं पूर्वज. त्याआधीचं मार्क थ्री खोलून साफ करून परत जोडायचं म्हणजे भल्याभल्यांचा कस लागायचा. २०१६ साली आलेल्या मार्क फोरमध्ये मागचं एक बटण दाबलं की नळीचा भाग पुढे कलतो आणि सुटून हातात येतो. निम्म्या लोकांनी नवीन घेतलं ते त्या बटणासाठी, असं माझं मत आहे.

आता पैशाचं. घराजवळच्या दुकानात ते ५७९ डॉलरला होतं. त्यावर आमच्याकडचा ८.२५ टक्के विक्रीकर धरला की ६२६ च्या वर. दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या दुकानाच्या वेबसाइटवर ४९९, शिपिंग १५. टेक्ससमध्ये शिपिंगवरही कर लागतो, म्हणून ५१४ वर ४२ डॉलर. वर इथला दुकानदार पिस्तूल उतरवून घेऊन माझ्या नावावर करायचे ३० घेणार. सगळं मिळून ५८६. तिसरा पर्याय लिलावाच्या वेबसाइटवर होता: ओहायोतल्या एका गृहस्थांचं वापरलेलं, ४२० ला. शिपिंग ५५. खासगी माणसाकडून आलेला माल उतरवून घ्यायला आमचा दुकानदार ३० ऐवजी ५० मागत होता. कर धरून ५६४. म्हणजे स्क्रीनवर ७९ डॉलरनी स्वस्त दिसणारं जुनं पिस्तूल घरी येईपर्यंत जेमतेम २२ नी स्वस्त उरत होतं. मी नवीन घेतलं.

तोच जिन्नस, साधारण तेवढंच अंतर. एकाला १५ लागतात आणि दुसऱ्याला ५५, हे मला पटेना. दुकानदाराला विचारलं. तो माणूस बोलका, काउंटरवर गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे सगळं नीट समजावून सांगितलं. इथे शिपिंगचा दर वजनावर किंवा मैलांवर कमी आणि पाठवणारा कोण यावर जास्त ठरतो. १९२७ च्या कायद्याने खासगी माणसाला पिस्तूल टपालाने पाठवायला मनाई केली, पण परवानाधारक दुकानदार आणि कारखानदार आपापसात सरकारी टपालाने पाठवू शकतात, सोबत एक फॉर्म जोडला की झालं. मोठं दुकान ठरावीक दराच्या टपालाच्या खोक्यात घालून पाठवतं, म्हणून त्याला १५ परवडतात. यूपीएस, फेडएक्स या कुरिअर कंपन्या पूर्वी खासगी माणसाचं पिस्तूल घ्यायच्या, पण रातोरात पोचवायच्या महागड्या सेवेनेच. २०२२ च्या सुमारास त्यांनी तेही बंद केलं. आता परवाना हवा आणि कंपनीशी वेगळा करारही हवा. त्यामुळे ओहायोतल्या त्या गृहस्थांना स्वतःच्या गावातल्या दुकानदाराकडे जाऊन, त्याची फी देऊन, त्याच्या नावाने पाठवावं लागलं असतं. त्या ५५ डॉलरमध्ये कुरिअरचे किती आणि मधल्या माणसाचे किती, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

'मोफत शिपिंग' लिहिलेल्या वेबसाइटही असतात. तिथे किंमत थोडी चढी असते, आणि ट्रान्सफरची, म्हणजे पिस्तूल उतरवून घेऊन नावावर करायची, फी तर कुठेच चुकत नाही. ती दुकानागणिक बदलते. आमच्या भागात २० पासून ७५ पर्यंत ऐकली. पिस्तूल मागवायच्या आधी दुकानदाराला फोन करून ती विचारून घ्यावी. दुसऱ्याकडून घेतलेला माल आपल्याकडे आणतो म्हणून काही दुकानदार मुद्दाम जास्त लावतात, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांचं फारसं चुकत नाही. दुकानाचं भाडं त्यांनी भरायचं आणि नफा तिसऱ्याने घ्यायचा.

हे असं दुकानातून दुकानात का, याचं उत्तर आमच्या डॅलसमध्येच आहे. भारतातून आईवडील आले की डॅलसचे मराठी लोक त्यांना हमखास डीली प्लाझाला नेतात. एल्म स्ट्रीटवर राष्ट्राध्यक्ष केनेडींना जिथे गोळी लागली तिथे डांबरावर फुली मारलेली आहे, आणि शेजारच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर संग्रहालय. मीही पाहुण्यांबरोबर कितीदा गेलोय. केनेडींवर गोळी झाडणाऱ्या ओस्वाल्डने ती रायफल शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागवली होती, मासिकातलं कूपन कापून, खोट्या नावाने, डॅलसच्या पोस्ट बॉक्सवर. दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट आणि पोस्टेज दीड डॉलर. पैसे मनी ऑर्डरने. त्याचं रिव्हॉल्व्हर लॉस एंजेलिसहून आलं, त्याचे वाहतुकीचे १ डॉलर २७ सेंट. दोन्ही १९६३ च्या २० मार्चला रवाना झाली. कुणी ओळखपत्र मागितलं नाही, कुणी तोंड पाहिलं नाही. सिनेटर थॉमस डॉड यांनी टपालाने होणाऱ्या या विक्रीवर निर्बंध आणायचा प्रयत्न चालवला होता. पण कायदा झाला तो १९६८ च्या ऑक्टोबरात, त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी मारले गेल्यावर. तेव्हापासून दुसऱ्या राज्यातून विकत घेतलेलं पिस्तूल थेट गिऱ्हाइकाकडे येत नाही.

तपासणीचा उगमही त्याच रस्त्यावर. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या हिंक्लेने रिव्हॉल्व्हर घेतलं ते डॅलसच्या एल्म स्ट्रीटवरच्या एका गहाणवटीच्या दुकानातून. तेही पॉइंट टू-टूचंच. त्या हल्ल्यात रेगन यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रॅडी यांना डोक्यात गोळी लागून कायमचं अपंगत्व आलं, आणि त्यांच्या नावाचा कायदा १९९३ मध्ये झाला. दुकानदार आज एफबीआयच्या ज्या यंत्रणेला विचारतो ती त्याच कायद्यातून १९९८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली.

ऑर्डर देताना वेबसाइटवर पिनकोड टाकला की जवळच्या परवानाधारकांची यादी येते. त्यातून आपला निवडायचा. त्याच्या परवान्याची प्रत विकणाऱ्याकडे गेली की माल सुटतो. मग दुकानातून निरोप येतो. त्याआधी तिथे एका वहीत त्याची आवक चढलेली असते: कुणाकडून आलं, कुठल्या कंपनीचं, नमुना, नंबर. वहीत नोंद झाल्याशिवाय ते कपाटातून हलत नाही.

मग फॉर्म ४४७३, म्हणजे घेणाऱ्याने दुकानात भरायचा तो सरकारी फॉर्म. यातला मराठी माणसाचा पहिला अडथळा म्हणजे नाव. आपलं मधलं नाव वडिलांचं, आणि ते एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर गायब. या फॉर्मवर पूर्ण कायदेशीर नाव लागतं. मधलं नाव नसेल तर तसं दाखवणारी तीन अक्षरं लिहायची, कायदेशीर नावातच नुसतं अक्षर असेल तर त्यापुढे दोन अक्षरं. माझ्या ग्रीन कार्डावर वडिलांचं नाव पूर्ण होतं आणि ड्रायव्हिंग लायसन्सवरही सुदैवाने तसंच होतं. दुकानदाराने दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली, आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत, ओठांतल्या ओठांत पुटपुटत जुळवून पाहिली. बाबांचं नाव त्याने ज्या उच्चाराने वाचलं तो मी बाबांना अजून ऐकवलेला नाही.

जन्माचा देश, नागरिकत्व कुठलं, उंची, वजन, वंश, राहता पत्ता, आणि परदेशी नागरिक असाल तर ग्रीन कार्डावरचा 'ए' नंबर. सोशल सिक्युरिटी नंबर ऐच्छिक आहे, पण मी दिला. नामसाधर्म्याचा घोळ त्याने टळतो. मग हो-नाहीच्या प्रश्नांची रांग. पहिलाच प्रश्न: हे खरोखर तुम्ही स्वतःसाठी घेताय का? आमच्या ऑफिसातला एक जण, अजून एच-वन-बीवर, सहज म्हणाला होता, "सर, माझ्यासाठी पण एक घेऊन ठेवा ना, पैसे देतो." त्याच्या दृष्टीने हे पुण्याहून येताना चितळ्यांची बाकरवडी आणण्यातलं काम होतं. दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर घेणं हा इथला गंभीर गुन्हा, १५ वर्षांपर्यंत तुरुंग. त्याला तो फॉर्म वाचायला दिल्यावर गडी गप्प झाला.

गांजाचा प्रश्नही मजेशीर आहे. त्याखाली ठळक इशारा असतो: तुमच्या राज्याने परवानगी दिली असली तरी केंद्राच्या कायद्याने ते अजून बेकायदाच आहे. गांजाला परवानगी असलेल्या कोलोरॅडोला जाऊन आलेल्यांनी इथे पेन जरा जपून चालवावं.

फॉर्म झाला की दुकानदार एफबीआयला विचारतो. उत्तरं तीनच: पुढे जा, थांबा, नाही. नागरिकांचं बऱ्याचदा काही मिनिटांत होतं म्हणे. परदेशी नागरिकाची इमिग्रेशनच्या दप्तरातही चौकशी होते. मला 'थांबा' आलं. काउंटरच्या त्या बाजूला पिस्तूल, या बाजूला मी, आणि मध्ये काच. दुकानदाराने खोकं उघडून नंबर फॉर्मवरच्या नंबराशी ताडून दाखवला आणि परत बंद करून आत नेलं. हातात दिलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. ग्रीन कार्डासाठी जी रांग मी लावलीय त्यापुढे हे काहीच नव्हतं.

कायदा असा आहे की 'थांबा' आल्यावर कामकाजाचे तीन दिवस उलटले आणि एफबीआयने नकार कळवला नाही, तर दुकानदार पिस्तूल देऊ शकतो. देऊ शकतो, द्यायलाच हवं असं नाही. आमच्याकडे दारावर पाटीच होती की होकार येईस्तोवर देणार नाही. २०१५ साली चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल मिळालं ते याच तीन दिवसांच्या तरतुदीतून, हे दुकानदाराने स्वतःहून सांगितलं. माझा होकार पुढच्या आठवड्यात आला. पुन्हा पुन्हा असं अडकणाऱ्यांसाठी एक सोय आहे: बोटांचे ठसे देऊन एफबीआयकडे आपली माहिती कायमची ठेवायची, मग एक खास नंबर मिळतो आणि तो पुढच्या फॉर्मवर लिहायचा. एकाच नावाची माणसं लाखांनी असलेल्या आपल्या लोकांनी ते करून टाकावं.

पिस्तुलाबरोबर कुलूप मिळतं. ते देणं किंवा सुरक्षित साठवणीची सोय देणं दुकानदाराला बंधनकारक आहे. ही वायरची कुलपं माझ्या मते नावापुरती. घरात मुलगा आहे, आणि १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा टेक्ससमध्ये पालकाचा गुन्हा आहे. बायकोची अट त्याहून कडक होती: "तिजोरी आधी, पिस्तूल नंतर. आणि तिजोरीचा आकडा आपल्या लग्नाची तारीख नको, ती त्यालाही पाठ आहे." तिजोरीचे आणि ती भिंतीत ठोकून घ्यायचे पैसे वरच्या ५८६ मध्ये धरलेले नाहीत, हे हिशेब मांडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

आता गंमत बघा. पिस्तूल दुकानात, पण काडतुसं थेट दारात. टेक्ससमध्ये ती ऑनलाइन मागवली तर घरपोच येतात, रस्त्याने येणाऱ्या साध्या कुरिअरने. कॅलिफोर्नियात तसं चालत नाही. काडतुसं अंगाने लहान पण वजनाने जड, त्यामुळे त्यांचं शिपिंग खरोखर वजनावर असतं. म्हणून चार दोस्तांनी मिळून एकदम मागवायची रीत आहे. काडतुसं भरायचं मॅगझिनही घरी येतं. एवढंच काय, माझ्या पिस्तुलाची मूठ आणि चाप असलेला खालचा सांगाडाही सुटा घरी येऊ शकतो, कारण कायद्याच्या लेखी या पिस्तुलात 'बंदूक' म्हणजे नंबर कोरलेला वरचा नळीचा भाग. तेवढाच तुकडा दुकानाच्या वाटेने येतो, बाकी सगळं सुटे भाग.

रेंजची बॅग मी वेगळी ठेवली आहे आणि ती विमानप्रवासाला कधीच घेत नाही. हे मुद्दाम लिहितोय. तळाशी राहिलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं, तरी भारताच्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. अमेरिकेहून आलेल्या माणसांवर ही वेळ आल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पॉइंट टू-टूचं काडतूस करंगळीच्या टोकाएवढं, शिवणीत अडकलं तर दिसतही नाही.

पुढे स्पर्धेसाठी चाप हलका करून घ्यायचं ठरलं. त्या कामातला नावाजलेला कारागीर दुसऱ्या राज्यात. मला स्वतःला कुरिअरने पाठवता येत नव्हतं, म्हणून पुन्हा आमच्या दुकानदारालाच धरलं. त्याने पाठवायचे ५० डॉलर घेतले. मी परतीच्या ट्रान्सफरचे ३० बाजूला काढून ठेवले होते, तर तो म्हणाला, नको. दुरुस्तीला गेलेलं शस्त्र कारागीर थेट मालकाच्या घरी पाठवू शकतो. ना दुकान, ना फॉर्म ४४७३, ना एफबीआय. फक्त प्रौढ माणसाची सही. खोक्यावर आत काय आहे ते लिहायला लावायचं नाही, असा वाहतूक कंपन्यांना कायद्याचाच दंडक आहे. कुरिअरवाला आला तेव्हा मी ऑफिसात होतो. बायकोने सही करून खोकं घेतलं आणि मला मेसेज केला, "तुझे बूट आलेत वाटतं, पण फार जड आहेत."